लेप्रकॉनने शब्द पाळला, मग राग नक्की कोणाचा यायला हवा?

कथावेडी
सध्या आयरिश लोककथांचं वेड लागलंय आणि एका गोष्टीपाशी अडकलेय. टॉम फिट्झपॅट्रिकला कुंपणाशी लेप्रकॉन, म्हणजे लपवलेल्या सोन्याचा ठाव माहीत असलेला परीलोकातला बुटका, सापडतो, तो त्याला मुठीत धरून चाळीस एकराच्या शेतात नेतो, तिथं सगळीकडे पिवळ्या फुलांची रानटी झुडपं, लेप्रकॉन एका झुडपाकडे बोट दाखवतो की इथं खण, सोनं आहे. टॉमजवळ कुदळच नाही! मग तो पायमोज्याचा लाल बंद सोडून खुणेला त्या झुडपाला बांधतो, हा काढणार नाहीस असं लेप्रकॉनकडून वदवून घेतो आणि घरी पळतो. परत येऊन बघतो तर शेतातल्या प्रत्येक झुडपाला तस्साच लाल बंद.
म्हणजे त्याचा बंद काही कोणी काढला नव्हता. शब्द पाळूनही विश्वासघात होतो का? मला तर वाटतं होतो. तुम्हाला काय वाटतं?

सागरगोटा
मानगूट धरून घेतलेलं वचन ते, त्यात विश्वास कुठला आलाय. मेरोची गोष्ट वाच, म्हणजे समुद्रातली बाई. केरीच्या किनाऱ्यावर डिक फिट्झगेराल्डला ती केस विंचरताना दिसते, शेजारी तिची जादूची टोपी, ती नसेल तर तिला पाण्यात परत जाता येत नाही. हा आधी टोपीच उचलतो. ती रडते आणि विचारते, तू मला खाणार का? पुढे लग्न, तीन मुलं, सगळं छान, पण टोपी लपवलेलीच! एक दिवस डिक ट्राली गावाला गेलेला असताना आवराआवरीत भिंतीतल्या भोकात तिला ती सापडते आणि ती जाते ती कायमचीच. डिक मात्र शेवटपर्यंत म्हणत राहतो की समुद्रातल्या तिच्या बापानेच तिला अडकवून ठेवलंय. इतक्या वर्षांत एकदा तरी टोपी तिच्या हातात द्यायची होती ना, मग कळलं असतं ती राहते की जाते.

जुनीपानं
ह्या दोन गोष्टीच आहेत, पण ह्याच समजुतींपायी खरंखुरं एक माणूस गेलंय. १८९५, टिपररी परगणा, ब्रिजिट क्लिअरी, वय २६, कपडे शिवायची. मार्चमध्ये आजारी पडली आणि नवरा मायकल म्हणायला लागला की ही माझी बायको नाहीच, परीलोकांनी खरी पळवली आणि तिच्या जागी दुसरंच काहीतरी ठेवलंय. घरच्या माणसांनी तिला धरून ठेवलं, कडू औषधं पाजली, पुन्हा पुन्हा विचारलं तू ब्रिजिटच आहेस ना. ती हो म्हणाली. तरी पुन्हा विचारलं. शेवटी नवऱ्याने तिला जाळलं, आणि खरी ब्रिजिट पांढऱ्या घोड्यावरून येईल म्हणून तो जवळच्या जुन्या गोल गढीपाशी वाट बघत बसला. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा सिद्ध झाला, १५ वर्षं तुरुंगात काढली त्याने.
लेप्रकॉनची लबाडी मला ह्यापुढे काहीच वाटत नाही. समोरचं माणूस स्वतःच्या तोंडाने सांगतंय मी मीच आहे, आणि तेही पटत नाही!

कथावेडी
ब्रिजिटचं वाचून थोडा वेळ काही लिहवेना.
सागरगोटा, तुमचं म्हणणं पटलं. टॉमची गोष्ट परत वाचली, आता राग लेप्रकॉनचा येत नाहीये. पण डिकचं अजून सुटत नाहीये मला, टोपी दिली असती आणि ती त्याच संध्याकाळी निघून गेली असती तर? तीन मुलं घरात होती.