मुलीचा एक्झिमा आणि कोलेस्टेरॉल : काही संबंध असतो का?

निशिगंध
मुलगी सात वर्षांची. कोपराच्या आत आणि गुडघ्यामागे एक्झिमा आहे. रात्री इतकी खाजवते की सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात. दुसऱ्याच कारणाने रक्त तपासलं, त्यात एकूण कोलेस्टेरॉल १९२ आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १२४ आलं. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध असतो का? डॉक्टरांनी दिलेलं क्रीम आहे. नवीन काही विकत घ्यायचं नाहीये, प्लीज.

आगाऊ_काका
एअर प्युरिफायर घ्या. नातवासाठी सगळ्यात मोठा घेतला, खाज निम्म्यावर आली. स्वस्तातला घेऊ नका, पस्तावाल.

लिंबोणी
दूध बंद करा. माझ्या मुलाचं बंद केलं आणि त्वचा लख्ख झाली. कोलेस्टेरॉलही उतरेल, एका दगडात दोन पक्षी.

पानगळ
काका, त्यांनी घ्यायचं नाही म्हटलंय हो.
निशिगंधताई, मुलांसाठी एकूण १७० च्या आत आणि एलडीएल ११० च्या आत चांगलं धरतात. २०० आणि १३० पासून पुढे जास्त. म्हणजे तुमचे आकडे काठावरचे आहेत. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात सिरॅमाइड नावाची चरबी, फॅटी अ‍ॅसिड आणि कोलेस्टेरॉल असतंच, पेशींच्या फटी त्यानेच बुजतात. पण ते बहुतेक त्वचा स्वतःच बनवते. एक्झिमा असलेल्या मुलांच्या रक्तात चरबी जास्त सापडल्याचे काही अभ्यास आहेत, पण त्यात वजनाचा भाग किती हे वेगळं काढणं अवघड. एकामुळे दुसरं होतं असं सिद्ध झालेलं नाही.

कोपरखळी
त्वचेला कोलेस्टेरॉल लागतं, तर मग कमी कशाला करायचं? वाढवू या की!

पानगळ
वर काय लिहिलंय ते वाचलंत का?

सुईदोरा
मध्यंतरी तोंडावाटे स्टेरॉइड दिलं होतं का? त्यानेही आकडे वर जातात. आणि घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झालाय का ते बघा. जास्त कोलेस्टेरॉलचा आनुवंशिक प्रकार साधारण २५० जणांत एकाला असतो, त्यात एलडीएल बहुधा याहून बरंच वर असतं. त्वचा मऊ ठेवणारं साधं क्रीम (स्टेरॉइडचं नव्हे) किती लावता? मुलांना अंगभर लावायचं तर आठवड्याला २५० ग्रॅम लागू शकतं. आमच्याकडे छोटी ट्यूब महिनाभर पुरवायचे आणि म्हणायचे गुण येत नाही!

आगाऊ_काका
मीही तेच म्हणतोय, कारण बाहेरून येतं. म्हणून प्युरिफायर.

लिंबोणी
स्टेरॉइड अजिबात नको, त्वचा पातळ होते.

सुईदोरा
मी पोटातल्या औषधाबद्दल विचारलं, मलमाबद्दल नाही. मलम डॉक्टर सांगतील तसं लावलं तर घाबरण्यासारखं काही नाही. उगाच बंद केलं की एक्झिमा उसळतो.

निशिगंध
सगळ्यांचे आभार. हो, तपासणीच्या आधी स्टेरॉइडचं सिरप झालं होतं, हे सुचलंच नव्हतं. पुन्हा रक्त काढायला ती तयार नाही, आकांत करते. म्हणून तूर्त दूध महिनाभर बंद करून बघते. सासूबाईंनाही तेच पटलंय.

पानगळ
मग धागा कशाला काढलात? दुधाची अ‍ॅलर्जी आहे असं कोणी सांगितलंय का?

लिंबोणी
शाब्बास ताई!

सुईदोरा
आधी डॉक्टरांच्या कानावर घाला, कॅल्शियमची सोयही बघावी लागेल. आणि त्याच महिन्यात क्रीम किंवा साबण बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.