आईचे एसजीपीटी वाढले आहे, काढा थांबवावा का? (मदत हवी आहे)

खाडीकाठ (धागाकर्ती):
आईचा रक्ताचा अहवाल काल आला. यकृताची इजा दाखवणारे एसजीपीटी 412 आणि काविळीचे बिलिरुबिन 3.8 आहे. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि आठवड्याने पुन्हा बोलावले. काढा मध्येच सोडला तर कावीळ अंगात मुरेल, असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे आणि माझा जीव टांगणीला लागला आहे. काढा चालू ठेवावा की थांबवावा, एवढेच कृपया लवकर सांगावे.

भातखाचर:
काढा कशाचा, किती दिवसांपासून, आईंचे वय काय, इतर कोणती औषधे चालू आहेत, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. हिपॅटायटिस ए आणि ई यांची तपासणी झाली का? लावणीच्या वेळी त्या अनवाणी चिखलात उतरल्या असतील तर लेप्टोचीही (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाची) तपासणी करून घ्यावी. मात्र लेप्टोमध्ये बिलिरुबिन पुष्कळ चढले तरी एसजीपीटी सहसा इतके चढत नाही.

कातळसडा:
माझ्या मामांची कावीळ माळेने उतरली. डोक्यावर ठेवलेली माळ आठ दिवसांत वाढत वाढत कमरेपर्यंत आली आणि डोळे स्वच्छ झाले. आमच्या शेजारच्या वाडीत माळ देणारे गृहस्थ आहेत. हवा असल्यास पत्ता कळवतो.

भातखाचर:
कातळसडा, माळेतील काड्या वाळून आकसतात, दोऱ्याचे वेढे सैल होतात आणि माळ लांबते. निरोग्याच्या डोक्यावर ठेवली तरी ती लांबेल. हिपॅटायटिस ए बहुतेकांचा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो आणि श्रेय माळेला मिळते. येथे प्रश्न काढ्याचा आहे, त्यावरच बोलू या.

खाडीकाठ:
क्षमस्व, घाईत राहून गेले. काढा गुळवेलीचा आहे. परसातल्या आंब्यावर वेल चढली आहे. तिचे बोटभर जाडीचे कांड आई रोज सकाळी पाट्यावर ठेचते, पेलाभर पाण्यात उकळून निम्मे करते आणि उपाशीपोटी घेते. पावसाच्या सुरुवातीला ताप येऊ नये म्हणून सुरू केला, त्याला आता दोन महिने झाले. वय 58. थायरॉइडची गोळी सहा वर्षांपासून चालू आहे. ए, बी, सी आणि ई या चारही तपासण्या निगेटिव्ह आहेत. काढ्याचे डॉक्टरांना सांगितलेले नाही, कारण ते औषध आहे असे आम्हांला कधी वाटलेच नाही.

परसबाग:
गुळवेलीला अमृता म्हणतात ते उगीच नव्हे. आमच्या घरी तीन पिढ्या काढा होतो आणि कोणाचेही यकृत बिघडलेले नाही. वेल कडुनिंबावरची हवी, आंब्यावरची नको. शिवाय तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल असते, तीच घेतली गेली असावी.

दर्यावर्दी:
परसबाग, आपला अनुभव खरा आहे, पण त्यावरून या आईंचा निर्णय करता येणार नाही. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली, तेव्हा आयुष मंत्रालयानेही हाच वेल चुकल्याचा आक्षेप घेतला होता. पुढच्याच वर्षी देशातील 13 केंद्रांतील 43 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुळवेल शरीराच्या प्रतिकारशक्तीला चेतवते आणि काही थोड्या लोकांत ही चेतलेली शक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते, असे त्यातून दिसते. ज्यांना आधीपासून थायरॉइडसारखा स्वप्रतिकाराचा विकार असतो, त्यांच्यात हा धोका अधिक मानला जातो, म्हणून आईंच्या थायरॉइडचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

खाडीकाठ, काढा आजच थांबवावा. थांबवल्याने कावीळ मुरत नाही. वेलीचा तुकडा पानासकट घेऊन डॉक्टरांना भेटावे आणि काढ्याचे सर्व सांगून रक्त गोठण्याची पीटी-आयएनआर व स्वप्रतिकाराची एएनए या तपासण्यांविषयी विचारावे. थायरॉइडची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. आई असंबद्ध बोलू लागल्या, दिवसा गुंगीत राहू लागल्या किंवा हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर आठवड्याची वाट न पाहता थेट जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे.

परसबाग:
थायरॉइडचे मला ठाऊक नव्हते. तसे असेल तर थांबवलेलाच बरा.

कातळसडा:
कोकमाच्या अर्काच्या वजन कमी करण्याच्या कॅप्सूल मिळतात, त्यांनीही यकृत बिघडते म्हणे. मग सोलकढी बंद करायची का?

दर्यावर्दी:
त्या कॅप्सूलमध्ये बहुधा कोकमाच्या जातभाईचा दाट अर्क असतो आणि त्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. जेवणातील आमसुलांची त्याच्याशी तुलना करता येत नाही.

खाडीकाठ:
दहा दिवसांनी लिहीत आहे. काढा त्याच दिवशी थांबवला. डॉक्टरांनी वेल पाहिली, ती गुळवेलच निघाली. आयएनआर ठीक आहे, एएनए पॉझिटिव्ह आले आहे आणि पुढच्या आठवड्यात रत्नागिरीला यकृताच्या तज्ज्ञांकडे जायचे आहे. एसजीपीटी 236 वर उतरले आहे. पडवीत उन्हाकडे तोंड करून बसवले की आईच्या डोळ्यांच्या कडांना पिवळेपणा अजून दिसतो, पण काल तिने पहिल्यांदा स्वतःहून पेज मागून घेतली.