एमआरआयमध्ये गादी एल-४-एल-५ ला, दुखतंय कुल्ल्यापासून करंगळीपर्यंत

हर्णै_बंदर:
बाबा तांडेल आहेत, म्हणजे नौका चालवतात, वय ५८. उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत आणि थेट पायाच्या करंगळीपर्यंत चमक जाते. नौकेच्या फळीवर बसले की वाढते, चालले की जरा बरं. एमआरआयमध्ये एल-४-एल-५ ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी बाहेर आलेली दिसली, म्हणून ऑपरेशन सुचवलंय. खुद्द नसेचा एमआरआय निघतो म्हणतात. त्यासाठी मुंबईला न्यावं का?

चिपळूणची_टेक्निशियन:
दादा, मी रोज एमआरआय काढते. निदान डॉक्टरच करतील, पण ती करंगळी मला स्वस्थ बसू देत नाहीये. एल-४-एल-५ ची गादी बहुतेक वेळा एल-५ ची नस दाबते. तिची कळ नडगीच्या बाहेरून अंगठ्याकडे जाते. पोटरी आणि करंगळी हा एस-१ चा, म्हणजे तिच्या खालच्या नसेचा पट्टा. मेळ बसत नाही. पन्नाशीत काहीही न दुखणाऱ्या निम्म्याहून जास्त माणसांच्या गाद्या एमआरआयमध्ये फुगलेल्या दिसतात, त्यामुळे गादी दिसली म्हणजे दुखणं तिथलंच असं नाही.

सायटिक नस, म्हणजे कमरेकडून पायात उतरणारी मोठी नस, कुल्ल्यात पिरिफॉर्मिस नावाच्या स्नायूखालून जाते. तिथे दाबली गेली तर बसल्यावर दुखणं वाढतं, आणि कमरेच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये तो भाग येतच नाही. तुम्ही म्हणताय ती एमआर न्यूरोग्राफी. तिच्यात चरबीचा पांढरेपणा घालवतात, मग सुजलेली नस जाड आणि उजळ उठून दिसते. मशीनचं चुंबक ३ टेस्ला ताकदीचं असेल तर उत्तम. डॉक्टरांना चिठ्ठीवर ‘उजवा कुल्ला ते करंगळी’ असं स्पष्ट लिहायला सांगा. नुसतं ‘कंबरदुखी’ लिहिलं की आम्ही कंबरच काढतो. ईएमजी-एनसीव्हीचंही विचारा, नस काम कशी करतेय ते त्यात कळतं.

हर्णै_बंदर:
ताई, बाबांना आत्ता बोट फिरवून दाखवायला सांगितलं. करंगळीच. अंगठ्यात काहीच नाही. पण न्यूरोग्राफीतही काही दिसलं नाही तर?

वेंगुर्लेकर:
माझ्या आईची नॉर्मल आली होती. मग डॉक्टरांनी सोनोग्राफीत बघत पिरिफॉर्मिसपाशी बधिर करायचं औषध सोडलं. एरवी खुर्चीत टेकवत नव्हतं, ती तिथेच आरामात बसली. औषध उतरल्यावर दुखणं परत आलं, पण जागा सापडली होती. पुढचे उपचार तिथेच केले.

चिपळूणची_टेक्निशियन:
हो, ती सुईसुद्धा तपासणीच आहे. मात्र पाऊल लुळं पडलं, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर कसलीही वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आणि बाबांनी कधी इंजिनाचं घासकाम केलं असेल, डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर मशीनमध्ये जाण्याआधी तिथल्या माणसाला जरूर सांगा.