पुण्यातून दापोलीजवळ समुद्रकाठी राहायला जावं का? लवकर सांगा, ३१ तारखेला टोकन द्यायचंय

अनुजा_धायरी (१८ मे, रात्री ११.४०)

नमस्कार. धायरीतला टू बीएचके विकून दापोली तालुक्यात समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर घर घ्यायचं चाललंय. ११ गुंठे जागा, जुनं चिऱ्याचं कौलारू घर, विहीर, मागे नारळ-पोफळी. डिसेंबरात शेजारच्याच घरी चार दिवस राहून आलो. आई चारही रात्री सलग झोपली. इथे रोज रात्री दोनला उठून बसते आणि मी तिची पाठ चोळत बसते. समोर दोन इमारतींचं काम चालू आहे, सकाळी पुसलेल्या ओट्यावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. मार्चपासून टँकर. मला इथे आता एक दिवस काढवत नाही.

एजंट म्हणतो ३१ पर्यंत टोकन दिलं नाही तर मुंबईची पार्टी तयार आहे. जावं की नाही, एवढंच सांगा. "नीट विचार करा" असं कृपया लिहू नका, दोन वर्षं विचारच करतोय.

राजू_खडकवासला (१९ मे, सकाळी ६.५५)

ताई, कशाच्या जोरावर सांगणार? आईंना नेमकं काय आहे, वय किती? घरात कमावतं कोण, काम कुठे? मुलं शाळेत आहेत का? जागा शेतीची की बिनशेती? सातबारा बघितलात?

समुद्रवेडा (१९ मे, सकाळी ८.१०)

बिनधास्त जा! मी सहा वर्षांपूर्वी अलिबागजवळ राहायला आलो, परत वळून पाहिलं नाही. पहाटे किनाऱ्यावर एक तास चालणं हे औषध आहे. फक्त दापोली कशाला? अलिबागच घ्या. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला रो-रो आहे, गाडीसकट मुंबईत. दापोलीला साधी रेल्वेसुद्धा नाही, खेडला जावं लागतं.

राजू_खडकवासला (१९ मे, सकाळी ८.३०)

अहो, त्या पुण्याच्या आहेत. त्यांना मुंबईची बोट काय कामाची? आणि अलिबागच्या दरात धायरीचा फ्लॅट विकून काय येणार?

अनुजा_धायरी (१९ मे, दुपारी १.०५)

आई ६८ वर्षांची, दमा आहे. यजमान आयटीत, काम घरूनच. मुलगी नववीत जाईल. तिकडेही शाळा आहेतच ना? सातबारा एजंटने व्हॉट्सअॅपवर पाठवलाय, त्यावर सहा नावं आहेत, पण सगळे तयार आहेत म्हणतो. आम्ही शेतकरी नाही, पण "ते मी बघतो" म्हणाला.

भटक्या_घाटवाटा (१९ मे, दुपारी २.२०)

जाताना ताम्हिणी घाटाने माणगाव, तिथून आंबेत, मंडणगड, दापोली. पाच तास धरा. वरंध घाटाचा मोह पावसाळ्यात टाळा, दरड कधी येईल सांगता येत नाही.

समुद्रवेडा (१९ मे, दुपारी २.४५)

ताम्हिणीत पावसाळी शनिवार-रविवारी धबधब्यांची गर्दी असते, दोन तास जागेवर उभे राहाल. त्यापेक्षा महाबळेश्वरवरून आंबेनळीने पोलादपूर, मग खेड.

भटक्या_घाटवाटा (१९ मे, दुपारी ३.००)

आंबेनळी काय दरडी नसलेला घाट आहे का? २०२१ च्या जुलैत दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता, आठवा.

दस्तलेखक (१९ मे, सायंकाळी ६.१५)

रस्त्याचं नंतर बघा, आधी हे वाचा. "ते मी बघतो" या वाक्यावर एक रुपयासुद्धा देऊ नका. कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, इतरांना परवानगी लागते. नाहीतर व्यवहार पुढे रद्दबातल ठरू शकतो आणि पैसे गेलेले असतात. जुनं घर गावठाणात असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून घर कशात आणि बाग कशात हे आधी कागदावर बघा.

सहा नावांचं. कोकणात जमिनी पिढ्यान्‌पिढ्या सामाईक राहतात. एक भाऊ बोरिवलीत, एक बडोद्यात, एका बहिणीचं नावच लागलेलं नसतं. सहाही जण सही करायला प्रत्यक्ष येणार का? वाटप झालंय का? "इतर अधिकार" रकान्यात कुळाचं नाव आहे का? व्हॉट्सअॅपवरचा फोटो ठेवून द्या आणि स्वतः सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा उतारा काढा. मागचे सगळे फेरफार आणि ३० वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्या. हे दहा-बारा दिवसांत होत नाही.

शिवाय समुद्रापासून पाच मिनिटं म्हणजे सीआरझेड, किनाऱ्यालगत बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत हे नियम लागतात. गावांमध्ये लोकवस्तीच्या दाटीप्रमाणे ५० किंवा २०० मीटरच्या आत नवं घर बांधायला सहसा परवानगी मिळत नाही. उद्या एक खोली वाढवायची म्हटली तरी हा प्रश्न येईल.

हापूसप्रेमी (१९ मे, रात्री ८.००)

तिकडे गेलातच तर नारळाच्या जोडीला केसर लावू नका, हापूसच लावा. कलमं दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून घ्या.

माहेर_आंजर्ले (१९ मे, रात्री १०.३०)

अनुजाताई, माझं माहेर त्याच पट्ट्यातलं. लग्नानंतर २२ वर्षं कोथरूडला आहे, पण वर्षातले दोन-तीन महिने माहेरी असतेच, आईमुळे. तुम्ही पाहिलात तो डिसेंबर. तेव्हा आमचं गाव खरंच सुंदर असतं. मी जुलै सांगते.

पुण्यात वर्षभरात पडतो त्याच्या चौपट पाऊस तिथे चार महिन्यांत पडतो. मे महिन्यातच आगोटची तयारी सुरू होते: लाकडं रचायची, कौलं परतायची, पडवीला झडी बांधायच्या, कांदे-कडधान्यं-सुकी मासळी भरून ठेवायची. एकदा लागला की दहा-दहा दिवस सूर्य दिसत नाही. धुतलेली चादर चौथ्या दिवशीही ओलीच. कपाटातल्या साड्यांच्या घड्यांवर पांढरे ठिपके येतात, चामड्याच्या चपलेवर हिरवी बुरशी. आईच्या फ्रिजचा खालचा पत्रा तीन वर्षांत बोटाने तुटायला लागला. फाटकाला लोखंडी कुलूप लावलं होतं, एका पावसाळ्यानंतर किल्ली फिरेना, करवतीने कापलं. तेव्हापासून पितळेचंच.

आणि ३ जून २०२०. निसर्ग वादळ आलं तेव्हा मी पुण्यात होते, आई-दादा तिथे. दुपारी फोन लागेना तो चार दिवस लागला नाही. दादाने नंतर सांगितलं, माजघरातून आभाळ दिसत होतं आणि आई देवघराच्या कोपऱ्यात उशी डोक्यावर धरून बसली होती. आगरातल्या पोफळी एका दिशेला झोपल्या. आमच्या वाडीत वीज २३ दिवसांनी आली. पोफळ लावल्यावर फळायला पाच-सहा वर्षं लागतात, आता कुठे पुन्हा सुपारीची शिपटं दिसायला लागली आहेत.

तरी आई तिथून हलत नाही आणि मीही तिला हलवणार नाही. घाबरवायला लिहीत नाही. तुमची आई खोकल्याशिवाय झोपली हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणूनच जुलै बघा म्हणते.

समुद्रवेडा (१९ मे, रात्री ११.०५)

वादळं काय रोज येतात का? असं बघितलं तर पुण्यातसुद्धा पूर येतो. लोकांना नाउमेद करू नका.

माहेर_आंजर्ले (१९ मे, रात्री ११.२०)

तुमची सहा वर्षं चांगली गेली, आनंद आहे. तुम्हाला दमा नाही.

निवृत्त_परिचारिका (२० मे, सकाळी ७.४०)

मी २६ वर्षं छातीच्या वॉर्डात काढली. दम्याला समुद्राची हवा बरी, असं सरसकट कुणी सांगू नये. आईंना त्रास बांधकामाच्या धुळीचा असेल तर तिथे नक्की फरक पडेल. पण बुरशीची किंवा घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची अॅलर्जी असेल, तर दमट हवेत नेमकं तेच वाढतं आणि पावसाळ्यात दमा उफाळतो. म्हणून छातीच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा: आईचा दमा कशाने उठतो? फुफ्फुसाची फुंकर चाचणी कधी झाली होती? इनहेलर रोज घेतात की त्रास झाला की? पुष्कळ आज्या बरं वाटलं की रोजचा पंप सोडतात आणि मग रात्री दोनला उठून बसतात. नेब्युलायझर घरी असेल तर तो विजेवर चालतो, हे ध्यानात ठेवा.

अनुजा_धायरी (२० मे, सकाळी ११.१५)

सगळ्यांचं वाचलं. मनापासून सांगते, काल रात्री रडले. आम्ही चौघांनी या घरात कोण कुठे झोपणार इथपर्यंत ठरवलंय. आईने तुळशीची जागा ठरवलीय. आणि इथे सगळे "नाही" म्हणताहेत.

परिचारिकाताई, नेब्युलायझर आहे. पंपाचं तुम्ही लिहिलंत ते खरंय, दिवाळीनंतर तिने रोजचा बंद केलाय, मला आज विचारल्यावर कळलं. चाचणी तीन वर्षांपूर्वीची.

अजून एक, यजमानांना मंगळवार-बुधवार हिंजवडीला जावं लागतं. ते म्हणतात पहाटे निघेन.

राजू_खडकवासला (२० मे, सकाळी ११.३०)

हे आधी सांगायचं होतं ना, ताई! पाच तास जाणं, पाच तास येणं, तेही ताम्हिणीतून पावसात आणि दर आठवड्याला? एक रात्र इथे काढली तरी धायरीचं घर विकल्यावर काढणार कुठे?

दापोली_कॅम्प (२० मे, दुपारी १२.५०)

मी दापोलीतच राहतो, म्हणून लिहितो. समुद्राचा हट्ट सोडा आणि दापोली शहरात भाड्याने घर घ्या. उंचावर आहे, मुरुड-कर्दे फार लांब नाही, पण खारा वारा थेट अंगावर येत नाही. मुलीला नववी-दहावीची शाळा, शिकवणी, दवाखाने, औषधांची दुकानं सगळं हाताशी. मोठं काही झालं तर डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे, पण रात्रीच्या पावसात तिथवर जायला वेळ लागतो, तो धरूनच चाला. धायरीचा फ्लॅट भाड्याने द्या, विकू नका.

आणि त्या विहिरीचं पाणी आत्ता, मे अखेरीला, स्वतः पिऊन बघा. किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. एजंट डिसेंबरातच का दाखवतात?

समुद्रवेडा (२० मे, दुपारी १.१०)

भाड्याने राहून कोणाचं घर झालंय? ती जागा गेली की पुन्हा त्या भावात मिळणार नाही.

दस्तलेखक (२० मे, दुपारी १.२५)

सहा सह्यांचं घर मुंबईची पार्टीसुद्धा दहा दिवसांत घेऊ शकत नाही. घेत असेल तर घेऊ दे.

केतन_वडगाव (२० मे, दुपारी ३.००)

धायरीचा फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे? पार्किंग कव्हर्ड आहे का? मला बघायचा आहे.

अनुजा_धायरी (२३ मे, रात्री ९.३०)

एजंटला आज फोन केला. सहा जणांची एकत्र भेट घालून द्या म्हटलं, तर म्हणाला दोघांशी बोलणं व्हायचंय. टोकन दिलेलं नाही. आईला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं, चाचणी झाली, रोजचा पंप पुन्हा सुरू केलाय. काल रात्री उठली, पण चारला. यजमानांशी हिंजवडीचं बोलले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, मलाही जमणार नाही हे माहीत होतं, तुझा चेहरा बघून बोललो नाही.

फ्लॅट विकत नाही (केतन, माफ करा). जुलैत मी आणि आई १५ दिवस दापोलीत राहणार. मुलीची शाळा असेल, ती आणि यजमान शनिवार-रविवार येतील. कॅम्पदादा, खोली बघून द्याल का? आईला तुळशीच्या जागेचं अजून सांगितलेलं नाही.

दापोली_कॅम्प (२३ मे, रात्री १०.०५)

देतो. तळमजल्याची नको, वरची बघतो, ओल कमी असते. इन्व्हर्टर आहे का ते मालकाला विचारून मगच कळवतो. नेब्युलायझर आणि एक जादाचा पंप सोबत आणा.

माहेर_आंजर्ले (२३ मे, रात्री १०.४०)

आणि एक दिवस आईंना घेऊन आमच्याकडे जेवायला या. कपड्यांच्या पिशवीत चार कापूरवड्या टाका, ओला वास बसत नाही.