मदत हवी आहे: दुपारी सामू (pH) चढतो, मग हरितद्रव्य का उतरतं?

गाळवाला: नदीमुखाजवळ धक्क्याला सेन्सर बांधलाय. तीन दिवसांची नोंद आहे. पहाटे सामू 7.85, दुपारी दोनला 8.15. ऑक्सिजनही तेव्हाच चढतो. म्हणजे वनस्पती प्लवकांचं, पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचं, काम जोरात! पण हरितद्रव्य नेमकं दुपारी निम्म्यावर. सेन्सर गेला का? परवा अहवाल द्यायचाय.

भांग_उधाण: क्षारता? भरतीच्या वेळा? त्याशिवाय काय सांगणार!

बफरबाबा: आधी सामूचं बोला. गोड्या पाण्याच्या 7 आणि 10 च्या बफरवर, म्हणजे सामू ठाऊक असलेल्या द्रावणांवर, जुळवलंय ना? समुद्राच्या पाण्याला ट्रिस बफर लागतो. 35 क्षारतेला, 25 अंशांवर त्याचा सामू 8.09.

भांग_उधाण: चूक कायम असेल तर चढउतार तोच राहतो.

बफरबाबा: नदीमुखाशी क्षारता बदलते, मग चूक कायम कशी राहील?

गाळवाला: क्षारता लिहायची राहिली. ओहोटीला 14, भरतीला 29. भरती दुपारी आणि मध्यरात्री.

भांग_उधाण: मध्यरात्रीच्या 29 ला सामू?

गाळवाला: 8.0.

भांग_उधाण: मग 0.30 च्या चढातलं 0.15 भरतीने पाणी बदलल्याचं, उरलेलं 0.15 साधारण उजेडाचं. भरती रोज सुमारे 50 मिनिटं मागे पडते. 15 दिवस नोंदवा, दोन्ही वेगळे होतील.

सूक्ष्मदर्शी: पेशी मोजायच्या तर नमुना टिकवायला लुगोल (आयोडीनचं द्रावण) 1 टक्का, बाटली अंधारात.

गाळवाला: पेशी मोजायच्याच नाहीत हो. हरितद्रव्याचं काय?

निळा_दिवा: सेन्सर हरितद्रव्य मोजत नाही, त्याची प्रतिदीप्ती, म्हणजे उजेड टाकल्यावर येणारी चमक, मोजतो. कडक उन्हात प्लवक जास्तीची ऊर्जा उष्णता म्हणून सोडून देतात. चमक घटते, हरितद्रव्य असतं तेवढंच. दुपारी पृष्ठभागाचं पाणी काळ्या बाटलीत त्याच तापमानाला 30 मिनिटं ठेवा, पुन्हा मोजा. आकडा चढला तर सेन्सर ठीक. शिवाय 250 मिली पाणी काचतंतूच्या 0.7 मायक्रॉन गाळणीतून, मंद उजेडात, हलक्या निर्वातावर गाळा. गाळाने गाळणी तुंबली तर कमी घ्या, पण किती गेलं ते लिहा. गाळणी ॲसिटोनमध्ये 4 अंशांवर, अंधारात 24 तास.

गाळवाला: ॲसिटोन शुद्धच?

निळा_दिवा: 90 टक्के, बाकी पाणी. आणि त्या ॲसिटोनचं प्रकाशशोषण मोजताना 750 नॅनोमीटरचं वाचन 664 च्या वाचनातून वजा करा, नाहीतर गाळही हरितद्रव्यात मोजाल.

बफरबाबा: ट्रिसचं मात्र विसरू नका.