तुम्हाला गोष्ट कुठे सापडली?

सदाफुली
आज कर्जत लोकलमध्ये समोरची बाई मेथी निवडता निवडता फोनवर म्हणाली, "किल्ली आता कुंडीखाली नसते म्हणावं त्याला." बस्स. देठं पिशवीत कोंबली आणि बदलापूरला उतरली. मला एकदम माझी कॉलेजातली पहिली कथा आठवली. वाड्यातल्या नळावर दोघी भांडत होत्या. त्यातली एक म्हणाली, "तुझ्या लग्नातलं पातेलं अजून आमच्याकडं आहे, विसरू नको." त्या पातेल्यावर मी पानंच्या पानं लिहिली. भांडण कशावरून होतं ते आजतागायत माहीत नाही. माहीत असतं तर बहुतेक लिहिलंच नसतं. तुमचंही सांगा. न लिहिणाऱ्यांनीसुद्धा.

चहाबाज
कर्जत लोकलमध्ये मेथी निवडायला बसायला मिळालं?? कुठली गाडी ते सांगा आधी.

खुंटी
मिरज, सतारमेकर गल्ली. शाळेचा रोजचा रस्ता. दुकानात वर वाळलेले भोपळे टांगलेले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात ते. एका दुकानात कोपऱ्यात तयार तंबोरा गवसणी घालून उभा असायचा. विचारलं की एकच उत्तर, "गिऱ्हाईक येणाराय." आगाऊ पैसे देऊन गेलेला माणूस परत आलाच नाही. पण विकायचाही नाही. खंडेनवमीला हत्यारांबरोबर त्याचीही पूजा, तारा पुसायच्या, पुन्हा गवसणी. २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा गावात सगळ्यांना आनंद, मला तो कोपरा आठवला. ते गिऱ्हाईक कोण, हे मी दर वेळी नवीन ठरवतो. एकदा विधवा केली, एकदा पळून गेलेला गवई. अजून जमलं नाहीये.

सदाफुली
@खुंटी गवई नको. गाणं न येणारा कुणीतरी करा.

खुंटी
अरे हो की! थांबा, ऑफिसातून सुटलो की बघतो.

वरणभात
"ही लिही हं" म्हणून जी गोष्ट सांगतात ती कधीच लिहून होत नाही. आमचे मामेसासरे दर गणपतीत म्हणतात, माझ्यावर कादंबरी होईल. मी ऐकते, वाढते. पण ते जेवायला बसले की आमटीची वाटी उचलून डावीकडे ठेवतात, चटणीच्या शेजारी. डावखुरे नाहीत. का ते मी मुद्दाम विचारलेलं नाही. ती वाटी माझी आहे, कादंबरी त्यांची त्यांनाच लखलाभ.

अबोली२
@वरणभात 😂 सासरची मंडळी इथे वाचत नाहीत ना?
माझी गंमत. दिवाळी अंकात कथा आली, सरळसरळ आत्यावरून घेतलेली. आत्याचा फोन आला, "त्या शेजारणीला बरोबर पकडलंस!" आणि शेजारच्या काकूंनी कथेत स्वतःला ओळखलं, ज्या तिथे नव्हत्याच. माझा स्टीलचा डबा अजून त्यांच्याकडे आहे.

चहाबाज
दिवाळी अंकावरून आठवलं. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखक भर पावसात बसून गुलाबी थंडी लिहितोय.

निवृत्त_टेबल
मी लिहीत नाही, वाचतो. बँकेत होतो. ठेवीचा नॉमिनी बदलायला डीए-३ फॉर्म असायचा. त्यावर आधीच्या माणसाचं नाव लिहायचं आणि नव्याचंही. लोक नवं नाव झरझर लिहीत, जुन्यापाशी अडत. आणि हळू आवाजात विचारत, "त्यांना कळतं का हो?" नाही कळत, बँक कळवत नाही. असं सांगितल्यावर काहींना हायसं वाटे. एक आजी मात्र म्हणाल्या, "मग काय उपयोग?"

वरणभात
बाई गं. काका, तुम्ही लिहाच.

निवृत्त_टेबल
छे. तुम्ही घ्या हवं तर. मोबाइलवर एवढं टंकताना अंगठा दुखला.

ओकट्री
इकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला दुकानाबाहेरच्या बाकावर मुलांकडे आलेले आजोबा लोक बसतात. त्यातले एक ई-पेपरातल्या निधनवार्ता मोठ्याने वाचतात. बाकीचे आधी गाव विचारतात, मग वय, नाव सगळ्यात शेवटी. परवा कुणीतरी म्हणालं, "आज आपल्याकडचं कोणी नाही," आणि सगळे जरा हिरमुसलेच! मी दूध घ्यायला गेले होते, उगाच बिस्किटं बघत उभी राहिले. लिहायला बसलं की मात्र ते फार शहाण्यासारखे बोलायला लागतात. कसं थांबवायचं?

सदाफुली
@ओकट्री त्यांना बिस्किटाच्या भावावर बोलायला लावा. मरणावर बोलायचं तेव्हा आपोआप बोलतील.

अबोली२
ओकट्री, तुम्ही एडिसनला? माझी बहीण पिस्कॅटवेला असते. तिला उकडीसाठी बारीक पिठी मिळत नाहीये, मोदक फाटतात म्हणते.

ओकट्री
अगं मिळते की! फ्रीझरच्या मागच्या रांगेत बघायला सांग. आणि पिठी दळलेली कधीची आहे ते बघ म्हणावं, जुनी असली की फाटतातच. उकड गरम असतानाच मळते ना ती?