फेस्टिव्हल गाजवलेला मराठी सिनेमा: मोजक्या पडद्यांवर सुरुवात, की राज्यभर एकदम?

लकडीपूल
व्हेनिस, बर्लिन, सनडान्सच्या फेस्टिव्हलांहून नाव कमावून आलेला मराठी सिनेमा छोट्या वितरकाने राज्यभर दीडशे पडद्यांवर लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्यात दोन, मुंबईत तीन, नाशिक-कोल्हापुरात एकेक, बास. निऑन या अमेरिकन वितरक कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘पॅरासाईट’ हा कोरियन सिनेमा अमेरिकेत फक्त तीन थिएटरांत लावला आणि मग वाढवत नेला.

हिशोब बघा. तिकीट २०० रुपये. १८% जीएसटी गेला की १६९.५० उरतात. मल्टिप्लेक्सशी २००९ साली ठरलेल्या प्रमाणाने पहिल्या आठवड्यात निम्मे सिनेमाच्या वाट्याला, म्हणजे साधारण ८५. वितरकाचं कमिशन १५% धरलं तर हातात ७२. (बुकिंग अ‍ॅपची फी यात येतच नाही.) पब्लिसिटी आणि डिजिटल प्रिंटवर ४० लाख घातले, तर नुसते तेच सुटायला साडेपंचावन्न हजार तिकिटं हवीत. तीही पहिल्याच आठवड्यात, कारण वाटा दुसऱ्या आठवड्यात ४२.५% आणि तिसऱ्यात ३७.५% होतो. खर्च १२ लाखांवर ठेवला तर १६,७०० तिकिटांत भागतं.

शनिपारकर
हिशोब मान्य, निष्कर्ष नाही. न्यूयॉर्कचं आर्टहाऊस, म्हणजे असे वेगळे सिनेमेच लावणारं थिएटर असा सिनेमा आठवडेच्या आठवडे चालवतं. आपल्याकडे प्रोग्रॅमर, म्हणजे मल्टिप्लेक्सचे खेळ ठरवणारा माणूस, शनिवार-रविवारचे आकडे बघतो आणि बुधवारपर्यंत पुढच्या शुक्रवारचे खेळ ठरवून मोकळा होतो. कोथरूडला सकाळी सव्वादहाचा एकच खेळ मिळाला, तर बघणाऱ्याने चार जणांना सांगेपर्यंत गुरुवार येतो आणि सिनेमा उतरतो. वाढवणार काय, कपाळ? शिवाय पेपरच्या पुणे आवृत्तीतली जाहिरात दोन पडद्यांसाठी असो वा वीस, दर तोच.

लकडीपूल
म्हणूनच पडदे मागू नका, वेळ मागा. सकाळचे तीन खेळ सोडा आणि संध्याकाळी साडेसहाचा एक घ्या. दुसऱ्या आठवड्यात किमान एक खेळ राहील, हे बुकिंगच्या वेळीच लेखी घ्या.

शनिपारकर
लेखी देतो कोण? वर्षाला एक सिनेमा आणणाऱ्याला मल्टिप्लेक्स दारात उभं करत नाही. ‘साबर बोंडं’ला जानेवारी २०२५ मध्ये सनडान्सचं पारितोषिक मिळालं आणि सप्टेंबरात तो इथे लागला, पण मागे तेलुगू अभिनेते राणा दग्गुबातींची स्पिरिट मीडिया ही कंपनी होती. हाच शब्द साध्या वितरकाने टाकला तर फोन उचलला जाईल का?

रीळ क्रमांक चार
दोघेही शुक्रवारवर भांडताय. खरी फसगत त्याच्या कितीतरी आधी, सिनेमा घेतानाच होते.

आधी हक्क तपासा. परदेशी सेल्स एजंटने ‘संपूर्ण जग’ लिहून घेतलं असेल, तर निर्मात्याकडे भारताचे हक्क उरलेलेच नसतात. ओटीटीवाल्याने तारीख पक्की केली असेल, तर थिएटरला किती आठवडे उरतात ते मोजा. ‘द डिसायपल’ या मराठी सिनेमाला २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालं, तरी इथल्या प्रेक्षकाने २०२१ मध्ये तो नेटफ्लिक्सवरच पाहिला. एमजी, म्हणजे मिनिमम गॅरंटीची आगाऊ रक्कम, निर्मात्याला देऊ नका, कमिशनवर घ्या. एमजीत गेलेले पैसे पब्लिसिटीतून कापले जातात आणि मग सिनेमा आल्याचं कुणाला कळतही नाही.

दुसरं, सेन्सॉर. फेस्टिव्हलला प्रमाणपत्रातून सूट घेऊन दाखवलेली प्रत थिएटरला चालत नाही, प्रमाणपत्र लागतंच. धूम्रपानाचा एकही प्रसंग असला, तरी त्या दृश्यावर इशारा हवा आणि सुरुवातीला व मध्यांतरानंतर आरोग्याची चित्रफीत हवी. अशा सिनेमाला बहुधा मध्यंतरच नसतं. जागा तुम्ही ठरवून दिली नाहीत तर थिएटरवाला घड्याळ बघून थांबवतो, मग वाक्य अर्धं राहो की दृश्य. डीसीपीचे, म्हणजे थिएटरला जाणाऱ्या डिजिटल प्रतीचे, दोन भाग करून पाठवा, म्हणजे तो प्रश्नच उरत नाही.

आणि केडीएम, म्हणजे प्रत उघडणारी किल्ली. ती त्या एका सर्व्हरसाठी आणि ठरलेल्या वेळेपुरतीच चालते. ऐनवेळी सिनेमा पडदा तीनवरून पाचवर हलवला की किल्ली लागत नाही, खेळ रद्द होतो आणि तिकिटांचे पैसे परत. म्हणून किल्ल्या त्या थिएटरच्या सगळ्या पडद्यांच्या मागवा, गुरुवार दुपारपासून चालू होणाऱ्या, आणि त्याच रात्री दहा मिनिटं लावून आवाज आणि सबटायटल्स बघा.

शनिपारकर
मध्यंतराचं शंभर टक्के पटलं. एमजीचं नाही. तीन वर्षं घर गहाण ठेवून सिनेमा केलेल्या निर्मात्याला ‘आधी खर्च वळता करू, मग बघू’ हे ऐकवणं अन्याय आहे. थोडी का होईना, रक्कम आगाऊ द्यायलाच हवी. वितरकाचं स्वतःचं काही अडकलेलं नसेल तर सोमवारी खेळ टिकवायला तो फोनसुद्धा करणार नाही.

लकडीपूल
मग मधला मार्ग: आगाऊ रक्कम लहान, पण पब्लिसिटीचा किमान आकडा करारात लिहिलेला. आणि वजन हवं असेल तर तीन-चार वितरकांनी वर्षभराचे सिनेमे एकत्र घेऊन प्रोग्रॅमरकडे जावं.

शनिपारकर
जावं, जरूर. मात्र दिवाळीच्या आठवड्यात त्या चौघांपैकी पहिली तारीख कोणाला, हे आधी आपसात ठरवून.